मास्तरांची डुलकी

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे गिऱ्हाइकांसाठी बाकडं आणि उभा आरसा, मध्ये कापणीचं टेबल, मागे दोन शिलाई मशीन, इस्त्रीची फळी आणि पडदा लावून केलेला ट्रायलचा कोपरा. टेबलाशी मास्तर उभे असत आणि खिडकीखालच्या बैठ्या खुर्चीत त्यांची धाकटी बहीण. मास्तर कोट कापत. बहीण काज करी, बटणं लावी, तुरपाई करी, अस्तर टाची. भाचीने लहानपणी दुकानभर "आत्या, आत्या" करून ठेवल्यामुळे गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणत. त्यात तिच्याहून वयाने मोठे असलेले एक वकीलही होते.

मास्तरांचे हात सरळ होत नसत. कोपरात कायमचे वाकलेले, जणू दोन्ही हातांवर कुणी कपड्यांची चळत ठेवली आहे आणि ती पडू नये म्हणून ते जपून उभे आहेत. मानही पुढे फारशी झुकत नसे. खाली बघायचं तर ते कमरेतून वाकत. गिऱ्हाइकांना वाटे, काय अदब आहे मास्तरांची!

घरात या हाताला कुणी दुखणं म्हणत नव्हतं. वडिलांचा हात असाच होता, काकांचा असाच. कोटाची बाही दोन तुकड्यांची असते आणि कोपराशी थोडी वाकवूनच कापावी लागते, कारण माणूस काही हात काठीसारखे सोडून उभा राहत नाही. वडील म्हणायचे, "देवाने आपल्याला बाहीच्याच साच्यातून काढलंय. दुसऱ्यांना शिकावं लागतं, आपल्या अंगातच आहे." वाकलेला हात म्हणजे शिंप्याचा हात, घराण्याचा हात. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना वडील तो दागिन्यासारखा दाखवत.

आत्याचा हात तेवढा सरळ निघाला. त्यावरून तिला लहानपणी चिडवून चिडवून रडकुंडीला आणलं जाई. "हिला चिंध्यांच्या ढिगातून उचलून आणलीय," असं काका गंभीर चेहऱ्याने सांगत आणि तिला ते खरं वाटे. एकदा तिने झोपताना हात दुमडून त्यावर वडिलांचा गळपट्टा करकचून बांधला, की सकाळी उठेस्तोवर वाकलेला राहील. वडिलांनी पाहिलं, हसत हसत गाठ सोडली आणि म्हणाले, "वेडे, असा बांधून येत नसतो. तो वरूनच यावा लागतो." मनगट दिवसभर बधिर राहिलं. दुपारपर्यंत हात पुन्हा सरळ झाला होता, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

घराण्याची दुसरी ख्याती म्हणजे मरण. या घरातले पुरुष कधी अंथरुणाला खिळले नाहीत. वडील झोपेत गेले, चेहऱ्यावर सुरकुतीही न पाडता. काका न्हाव्याच्या खुर्चीत गेले, अर्धी दाढी झालेली. न्हावी बिचारा उरलेल्या अर्ध्या दाढीला साबण लावत बसला होता. दोघांनीही पन्नाशी पाहिली नव्हती, पण भेटायला आलेल्यांनी तेवढं सोडून बाकी सगळं पाहिलं. "पुण्यवान! कुणाचं काही न घेता गेला," असं म्हणत लोक येत आणि तेच म्हणत जात. मास्तरांची नवी नवरी होऊन आलेल्या वहिनीने एकदा भाबडेपणाने विचारलं होतं, "आपल्याकडची माणसं म्हातारी का होत नाहीत?" सासूने तिच्याकडे असं पाहिलं, की वहिनीने पुन्हा तो विषय काढला नाही.

तिसरी गोष्ट डुलकी. तिची ख्याती दुकानापुरतीच होती.

मास्तर काम करता करता झोपत. आता बोलत असत, खडूने रेघ मारत असत, आणि आता कपाळ टेबलावर टेकलेलं. वडिलांचंही असंच व्हायचं. महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी, आणि अलीकडे जरा जास्तच. वडिलांनी घालून दिलेला दंडक असा होता, की कापणाऱ्याला डुलकी लागली तर उठवायचं नाही. "कापणाऱ्याचा डोळा दमतो. दमलेल्या डोळ्याने कापड कापलं तर भरपाई कोण करणार? मिटू द्यावा." म्हणून आत्या उठे, मास्तरांच्या हाताजवळची कात्री अलगद बाजूला सरकवी, आणि फळीवर घडी करून ठेवलेला वाइन रंगाच्या अस्तराचा तुकडा त्यांच्या डोक्याखाली सारी. कुणी गिऱ्हाईक असलं तर ओठांवर बोट ठेवी. थोड्या वेळाने मास्तर डोकं वर काढत. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "कुठे होतो आपण?" असं विचारत. "बाहीवर," आत्या सांगे. आणि ते बाहीपासून पुढे सुरू करत. घामालाही घरात कारण तयार होतं: इस्त्रीची वाफ.

वकील म्हणत, "मास्तर, तुमच्यासारखी झोप मला कोर्टात लागली असती तर मी आज न्यायाधीश असतो."

वहिनीला या डुलक्या ठाऊक नव्हत्या. ती छापखान्यात पुस्तकबांधणीच्या कामाला होती, सकाळी जाई ती दिवेलागणीला येई. आणि नवरा दुकानात दुपारी पेंगतो, ही काही घरी जाऊन सांगायची बातमी नव्हे.

मास्तरांची मुलगी सतराची. अंगाने बारीक आणि जिभेने तिखट, म्हणून तिचं नाव पडलं सुई. तिचे हात बापावर गेले होते. चालताना टाचाही पुरत्या टेकत नसत, चवड्यांवर टुणटुणत चाले. कॉलेजात कवायतीच्या तासाला बाईंनी सगळ्यांना दोन्ही हात डोक्यावर ताठ करायला सांगितले. सुईचे झाले नाहीत. बाईंना वाटलं, कार्टी मुद्दाम करतेय. त्यांनी तिला तासभर उभं केलं, मग स्वतः जाऊन कोपर धरून सरळ करायला गेल्या आणि थबकल्या. त्याच संध्याकाळी त्या दुकानात आल्या.

"हिचा हात सरळ होत नाही," बाई म्हणाल्या.

मास्तर हसले. स्वतःचा हात पुढे केला. "माझा तरी कुठे होतो, बाई? घरचा माल आहे."

"आणि टाचा?"

"ती आधीपासूनच हवेत आहे."

"मास्तर, मी थट्टा करायला आले नाही. अशी एक मुलगी मी आधी पाहिलीय. तुम्ही डॉक्टरला दाखवा." बाई दाराशी जाऊन परत फिरल्या. "तिला तासभर उभं केलं मी. मला माहीत नव्हतं."

दाखवायचं म्हणून दाखवलं. हाडांच्या डॉक्टरांनी नसा आणि स्नायूंच्या डॉक्टरांकडे धाडलं. हे दुसरे डॉक्टर मुलीला तपासता तपासता एकसारखे बापाकडे बघू लागले. त्यांनी मास्तरांना हनुवटी छातीला लावायला सांगितली. लागेना. टाचांवर चालायला सांगितलं. जमेना. मग दोघांचं रक्त घेतलं, आणि ते कुठल्याशा लांबच्या प्रयोगशाळेत गेलं. निकाल आल्यावर डॉक्टर म्हणाले, "हा पिढीजात आजार आहे, स्नायूंचा. हातापायांची फार काळजी करू नका, त्यांचं आपण बघू. आधी दोघांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. उद्याच."

"हातासाठी हृदयाचा डॉक्टर?" बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. "उद्या बटण तुटलं म्हणून पॅंट उसवायला सांगतील."

वहिनीला त्या दिवशी सुट्टी मिळेना. मास्तरांबरोबर आणि सुईबरोबर आत्या गेली. ही गोष्ट पुढे वहिनीने आणि आत्याने, दोघींनी वेगवेगळी, पुष्कळदा मनात घोळवली.

हृदयाच्या डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांनी दोघांच्या छातीवर तारा लावून कागद काढले, पडद्यावर हृदय हलताना पाहिलं. सुईचं बरंचसं ठीक होतं. मास्तरांचा कागद त्यांनी दोनदा पाहिला.

"तुमची नाडी फार सावकाश चालते," डॉक्टर म्हणाल्या.

"पहिल्यापासून." मास्तरांच्या आवाजात अभिमान होता. "आमचे गल्लीतले डॉक्टर म्हणतात, पैलवानाची नाडी आहे."

"तुम्ही पैलवान आहात?"

"मी शिंपी आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगायला लागल्या. कोपर, मान, टाच, इथे हा आजार डोळ्यांना दिसतो, म्हणून तो तिथेच आहे असं वाटतं. पण हृदयही स्नायूच आहे. तिथे तो दिसत नाही आणि दुखतही नाही. हृदयाचा ठोका पडायला वरून खाली एक बारीकशी वीज जावी लागते. ती तुमच्याकडे वाटेत रेंगाळते. कधी पोचतच नाही, कधी भलतीकडे उधळते. हात थोडा वाकलाय म्हणून हृदय थोडंच बिघडलं असेल, असा हिशेब इथे चालत नाही. धडधाकट चालणारी माणसं या आजारात एकाएकी जातात.

आत्याला काका आठवले, अर्ध्या दाढीचे. वडील आठवले. पण ती आठवण नुसती येऊन गेली. डॉक्टर बोलत होत्या, त्यांच्याकडे लक्ष देणं भाग होतं.

"उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इथे, कॉलरच्या हाडाखाली, एक यंत्र बसवायचं. ठोका चुकला तर ते ठोका देतं, आणि हृदय भरकटलं तर झटका देऊन जागेवर आणतं. तुम्हाला ते लागणारच. प्रश्न फक्त किती घाईने, एवढाच. आता मला नीट विचार करून सांगा. कधी शुद्ध हरपली होती?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"कधी बेशुद्ध होऊन पडलात? रस्त्यात, घरात, कामावर?"

"छे."

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. "तुम्ही दिवसभर बरोबर असता ना यांच्या?"

"सकाळपासून दुकान बंद होईस्तोवर," आत्या म्हणाली. "कधी पडला नाही. पडणं सोडा, काम टाकून बाकड्यावर टेकतसुद्धा नाही."

"चक्कर? डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही हो. ठणठणीत आहे दादा."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. पडलेला माणूस जमिनीवर असतो. डुलकी घेतलेला माणूस टेबलावर असतो, त्याच्या डोक्याखाली अस्तराची घडी असते, आणि तो उठून बाहीपासून पुढे कापायला लागतो. एक दुखणं, दुसरी सवय. डॉक्टरांनी दुखण्याबद्दल विचारलं होतं.

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला आत्यालाही दिसला. "शुद्ध हरपत असती तर मी तुम्हाला आज घरी सोडलं नसतं. यंत्र मागवावं लागतं. तीन आठवड्यांनंतरची तारीख देते. मधल्या काळात जड उचलायचं नाही, धावपळ करायची नाही, आणि भोवळ आली किंवा पडलात तर थेट इकडे यायचं. वेळ काळ बघायचा नाही."

"येऊ ना," आत्या म्हणाली. तिने ते मनापासून सांगितलं.

त्यानंतरचे दिवस दुकानात चक्क मजेत गेले. मास्तरांना मरणाची भीती नव्हती, कारण घरात मरणाला कुणी कधी नावं ठेवलीच नव्हती. त्यांना काळजी होती सुईची. तिलाही पुढे हे यंत्र लागणार, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. त्यावर त्यांनी आपल्या धंद्यातला तोडगा काढला.

"आधी माझ्यात बसवू दे," ते म्हणाले. "कुठे ओढतंय, कुठे टोचतंय, मला कळेल. मग हिच्यात पक्कं करतील. मी म्हणजे ट्रायल."

"बाबा, ट्रायलचा कोट उसवतात," सुई म्हणाली.

"तोंड उसवीन तुझं."

"आणि तुम्हाला बॅटरी घालणार म्हणजे मी तुम्हाला चार्जिंगला लावू का?"

"लाव. तुझा फोन काढून लाव, म्हणजे तो तरी जरा थंड होईल."

मास्तरांनी टेप घेऊन स्वतःच्या कॉलरच्या हाडाखाली मापही घेतलं. यंत्राला फुगवटा येणार, तर कोटाच्या आतला जाड कॅनव्हास तिथे किती सैल सोडावा, याचा ते गंभीरपणे विचार करत होते. "धाकटे, हे बघ, डावीकडे इथे थोडं आतून मोकळं ठेवायचं. बाहेरून कळता कामा नये. सुईचं जाकीट करशील तेव्हा लक्षात ठेव."

"तूच कर की," आत्या म्हणाली.

"मी तर करणारच आहे. तू लक्षात ठेव म्हटलं."

त्या दिवसांत त्यांना एकदा डुलकी लागली. आत्याने कात्री सरकवली, अस्तर ठेवलं. ते उठले, घाम पुसला, कुठे होतो म्हणून विचारलं. तिने सांगितलं, कॉलरवर.

मग ती दुपार. वकिलांच्या काळ्या कोटाची ट्रायल होती. कोट कच्च्या टाक्यांचा, उजवी बाही लावलेली, डावी अजून टेबलावर. वकील आरशासमोर उभे राहून पोट आत ओढत होते.

"श्वास सोडा, साहेब," मास्तर म्हणाले. "कोट तुमच्या मापाचा करायचाय, तुमच्या इच्छेच्या मापाचा नाही."

"मास्तर, पोट वाढलेलं नाही. तुमची टेप आटलीय."

"टेप रेशमी आहे का आटायला?" असं म्हणत मास्तर टेबलाशी वळले, डाव्या बाहीवर खडूने खूण करायला कमरेतून वाकले. "धाकटे, अस्तर जरा..." एवढं म्हणाले. आणि कपाळ टेबलाला टेकलं.

आत्या उठली. कात्री सरकवली. फळीवरचा वाइन रंगाचा तुकडा घेतला आणि त्यांच्या डोक्याखाली सारला. मग वकिलांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"बसा दोन मिनिटं. डुलकी आहे."

वकिलांना हे नवं नव्हतं. एका बाहीचा कोट घालून ते बाकड्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोर्टात माझे अशील वाट बघतायत, आणि हा माणूस बघा! राजाची झोप." आत्या हसली. खिडकीखाली येऊन बसली. हातात एका बंडीचं काज होतं, अर्धं झालेलं. ते तिने पुरं केलं. काज चांगलं उतरलं होतं. तिने उजेडाकडे धरून पाहिलं, धागा तोडला आणि दुसरं धरलं.

ही डुलकी लांबली असं तिला वाटलं नाही. तिला दिसला तो धागा. अस्तराच्या त्या तुकड्याची एक कड उसवलेली होती आणि तिचा एक सुटा धागा मास्तरांच्या नाकापाशी यायचा. डुलकीत तो श्वासाबरोबर हलायचा, जरासा पुढे, जरासा मागे. ती कड तुरपून टाकायचं आत्या वर्षानुवर्षं मनाशी म्हणत होती. धागा हा तिचा धंदा होता. कुठलाही सुटा धागा तिच्या डोळ्याला खुपत असे. ती बघत राहिली. धागा हलत नव्हता.

"दादा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "दादा!" आयुष्यात पहिल्यांदा तिने डुलकीतल्या माणसाला हाक मारली.

वकिलांनी मास्तरांना जमिनीवर घेतलं आणि छाती दाबत राहिले. एका बाहीचा कोट टाक्यांतून फाटत गेला. रुग्णवाहिका आली, तिच्यातल्या माणसांनी पुढे बराच वेळ तेच केलं. नंतर ते थांबले आणि एकाने घड्याळ पाहिलं.

घर माणसांनी भरलं. चपलांचा ढीग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेला. आणि जे व्हायचं तेच झालं. पहिल्या म्हातारीने डोळे टिपत म्हटलं, "भाग्यवान! वडिलांसारखाच गेला. कुणाचं काही न घेता." दुसरीने मान डोलावली. "काम करता करता. याहून काय पाहिजे?"

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्यांना बारा दिवसांनी यंत्र बसवायचं होतं. ते पाहिजे होतं." म्हातारी पदर सारखा करू लागली. "मला म्हातारा नवरा पाहिजे होता," वहिनी म्हणाली. "अंथरुणाला खिळलेला चालला असता. खोकणारा, कटकट करणारा. सगळं काही घेतलं असतं तरी चाललं असतं." म्हातारी उठून स्वयंपाकघरात गेली.

आत्याने वहिनीला डुलकीबद्दल काही दिवसांनी सांगितलं. दोघीच होत्या. वहिनी मास्तरांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. आत्याने सगळं सांगितलं. अस्तराचा तुकडा, डॉक्टरांचा प्रश्न, आपलं उत्तर. वहिनीचे हात थांबले.

"मला का नाही कधी बोललीस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?" आत्या म्हणाली. तिला हे समर्थन म्हणून म्हणायचं नव्हतं. ते तसंच होतं.

वहिनीने हातातला शर्ट उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "माझ्यासमोर लागली असती, तर मीसुद्धा उशीच दिली असती." हे ती खरं बोलली की नणंदेला सावरायला बोलली, ते आत्याने कधी विचारलं नाही.

सुईला घेऊन आत्या पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेली. सुईला तपासायला आत नेलं तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत. शुद्ध हरपते का. मी नाही म्हटलं." आणि टेबल, कपाळ, पांढरा चेहरा, घाम, कुठे होतो आपण, सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या. अर्ध्यातच त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"किती वर्षं?"

"पुष्कळ. वडिलांनाही लागायची."

"मी शुद्ध हरपते का म्हणून विचारलं," डॉक्टर म्हणाल्या. "काम करता करता झोप लागते का, असं नाही विचारलं. आता विचारते. प्रत्येकाला विचारते."

"ती झोप नव्हती?"

"नाही."

"एकही?"

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. "काही असतीलही," त्या म्हणाल्या. आत्याला कळलं, की हे आपल्यासाठी म्हटलंय.

आत्याचंही रक्त तपासायला घेतलं. काही आठवड्यांनी निकाल आला. तिच्यात काही नव्हतं. "तुम्ही पूर्ण मोकळ्या आहात," डॉक्टर म्हणाल्या. हे ऐकून माणसं हसतात, रडतात, देवाला हात जोडतात. आत्याने आपला सरळ हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसली. लहानपणी मनगट बधिर होईपर्यंत जो हात बांधून ठेवला होता, तो हा. वडिलांनी गाठ सोडली होती. सोडून हसले होते.

सुईच्या हृदयाच्या कागदावर मात्र आता ती रेंगाळणारी वीज दिसायला लागली होती. डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. यंत्र बसलं. ट्रायल न देताच पक्कं झालं. आत्याने तिचं जाकीट शिवलं, तेव्हा डावीकडे कॅनव्हास आतून मोकळा सोडला. बाहेरून कळत नाही. बाह्या मात्र कोपराशी चांगल्या वाकवून कापाव्या लागल्या. आखताना आत्याचा खडू दोनदा तुटला.

दुकान चालू आहे. बाहेरचा एक कारागीर येतो, सकाळी कापतो, दुपारी मशीनवर बसतो, बोलका नाही, काम बरं आहे. वकिलांनी कोटाचं पुन्हा विचारलं नाही. फाटलेला कोट कागदात गुंडाळून मागच्या कपाटात आहे. वाइन रंगाचा तुकडा त्याच फळीवर आहे, घडी तशीच. उसवलेली कडही तशीच. आत्याने ती तुरपली नाही.

कॉलेज सुटलं की सुई दुकानात येते. कापणीच्या टेबलावर पुस्तकं पसरते. अभ्यास कसला, वाचता वाचता डोळे मिटतात. सतरा-अठराच्या पोरीला जेवणानंतर झोप येते, यात नवल काही नाही. डॉक्टरांनीही सांगितलंय, यंत्र पहारा देतंय, तिला झोपू द्या. आत्याला ते पटतं. सुईचं कपाळ पुस्तकाला टेकलं की आत्या खिडकीखाली बसून राहायचं ठरवते. एक टाका घालते. दुसरा घालते. मग उठते.

"सुई."

"उं."

"सुई! ऊठ."

"आत्या, मी झोपलेय गं." डोळे मिटलेलेच.

"माहितेय."

"मग उठवतेस कशाला?"

"बोल काहीतरी. नुसतं उं नको."

"काय बोलू?"

"काहीही."

"शिवी देऊ?"

"दे."

सुई देते. चांगली घसघशीत, बापाच्या तोंडची. कारागीर मशीनवरून मान वर करून बघतो. आत्या ती शिवी शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेते, परत जाऊन बसते आणि काज पुढे सुरू करते. टेबलावर सुईचं डोकं पुन्हा पुस्तकाला टेकतं. आत्याची सुई कापडात तशीच थांबते.